टोकाचं यंत्र

३ ऑगस्ट २००९
वेस्टसाइड, लास वेगस

ओझेला, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणारी तिची मुलगी जेरिलिन, आणि तिकडे अर्कान्सासात, फोर्डाइसच्या ओसरीवर बसून ऐकणारं आणखी जे कोणी असेल ते,

आपण बायांनी आयुष्यभर हॉटेलात परक्यांच्या गाद्यांची टोकं दुमडली. चादरीला एक सुरकुती राहिली तर आपल्याला लेखी समज मिळायची, आणि तिसऱ्या समजेला घरी पाठवायचे. आता त्याच जातीच्या मालकांनी कॉपर लँटर्न कॅसिनोतल्या पत्त्यांच्या यंत्रांवर नवाचा आठ केला, सहाचा पाच केला आणि काचेवर एक चिठ्ठीसुद्धा लावली नाही. सुरकुतीची समज द्यायला यांच्याकडे कागद असतो. आकडा बदलल्याचं सांगायला नसतो. ही तुझी तक्रार आहे, माझी आहे, आणि बोल्डर हायवेवर पेन्शनचा चेक वटवून त्या खुर्च्यांवर बसणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची आहे.

जेरिलिन, तुला पत्ते कळत नाहीत म्हणून थोडक्यात सांगते. यंत्र पाच पत्ते दाखवतं. हवे ते धरायचे, नको ते टाकायचे, टाकले तितके नवे येतात. गुलामाची किंवा त्याहून मोठ्या पत्त्याची जोडी जमली तर लावलेले पैसे परत. तीन एकसारखे आणि वर एक जोडी जमली तर नऊपट, एका रंगाचे पाच जमले तर सहापट. हा तक्ता काचेवर छापलेला असतो, पण बारीक अक्षरात. नऊ-सहाच्या यंत्रावर बिनचूक खेळलं तर शंभरातले साडेनव्व्याण्णव डॉलर सरासरीने परत येतात. आठ-पाचवर सत्त्याण्णव आणि वर थोडे. ऐकायला फरक फार वाटत नाही. पण तुझी आई सव्वा डॉलरने तासाला चारशे डाव खेळते. तासाला सव्वादोन डॉलर जायचे तिथे साडेतेरा जायला लागले. तिला ते कळलं नाही, कारण तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा होता आणि तिचा विश्वास होता.

ओझेला, जुलैतल्या त्या गुरुवारी तू होतीसच. दर गुरुवारी आपल्यासोबत खेळणाऱ्या हर्शेलने नवा चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाला, "अगं, इथे आठ लिहिलंय." मी खुर्चीच्या पायदांडीवर चढून बोलले. पहारेकरी म्हणाला, "मावशी, खाली उतरा." मी म्हटलं, "आधी तुमचा आकडा वर चढवा." हर्शेल म्हणाला, "उतर गं अध्यक्षीणबाई, माझा डाव अर्धा राहिलाय." लोक हसले. तू हसली नाहीस. तू कॅसिनोचं आपलं सभासद-कार्ड यंत्रातून काढलंस, त्याची गुंडाळीची दोरी मनगटाभोवती फिरवलीस आणि गेलीस. आठ दिवसांनी कळलं की तू घर सोडून मुलीकडे निघून गेलीस. बसच्या थांब्यावरसुद्धा मला बोलावलं नाहीस.

सोबत एक निवेदन आहे. तक्ता बदलला की यंत्रावर ठळक अक्षरात नोटीस लावावी, एवढीच मागणी. सही करून पाठव. मीच येऊन घेऊन गेले असते, पण गाडी दुरुस्तीला दिली आहे.

तुझी,
व्हर्लीन


१९ ऑगस्ट २००९

ओझेला,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहीची वाट बघत होते, आलं ते तीन शब्दांचं कार्ड. "तुला कधी कळलं?" एवढी मोठी अक्षरं, की पोस्टमननेही वाचलं असणार.

कळलं त्या दिवशीच, हर्शेलने वाचलं तेव्हा, तुझ्या समोर.

आता दुसरं बोलते. तू मनात म्हणत असशील की व्हर्लीनने शिकवलेलं सगळं थोतांड होतं. नव्हतं. मी ग्रंथालयातून संभाव्यतेची पुस्तकं आणून सबंध हिवाळा ती घेऊन बसले होते. अठरा ओळींचं ते कार्ड मी हाताने लिहिलं आणि प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं, कारण मला वाटत होतं की मालकाकडे हिशोब असतो आणि आपल्याकडे देव असतो, हे आता पुरे झालं. आपल्याकडेही हिशोब असू दे. खोल्यांचा कोटा मोजायला मी तुम्हाला शिकवलं तेव्हाही हेच म्हटलं होतं.

आणि तू शिकलीस. सुरुवातीला जोडी आली की तिच्यासोबत एक्का धरून ठेवायचीस. "त्याला एकट्याला बाहेर कसं पाठवू गं? बिचारा."

"तो बिचारा नाही. तो तुझी जागा अडवून बसतो. तीन नवे पत्ते येण्याऐवजी दोनच येतात."

"असू दे. दिसायला चांगला आहे."

"तुझा नवराही दिसायला चांगला होता."

तेव्हापासून तू एक्का कधी धरला नाहीस. पुढे तर जमलेल्या पाच बदामांतला चव्वा टाकून चार पत्त्यांवर रॉयल मागायलाही तुझा हात कचरत नव्हता. हर्शेल बघायचा आणि छातीवर क्रॉस करायचा. दहा ते एक्का, एकाच रंगाचे पाच, त्याला आम्ही रॉयल म्हणतो; सरासरीने चाळीस हजार डावांत तो एकदा येतो. शंभरातल्या त्या साडेनव्व्याण्णवांपैकी दोन डॉलर एकट्या रॉयलच्या खात्यात असतात. तो येईपर्यंत बिनचूक खेळणाराही हळूहळू खालीच जातो. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. पण ते घाईघाईने सांगितलं, हे कबूल करते. कार्डावरच्या अठरा ओळी मात्र चवीचवीने सांगितल्या.

त्या कार्डावर काय धरावं ते आहे, काय टाकावं ते आहे. केव्हा उठावं ते नाही. पुस्तकांतही नव्हतं. पुस्तकवाल्यांना ते ठाऊक नसेल, किंवा ते स्वतःच उठलेले नसतील.

मी आता तिकडे जात नाही. निवेदनावर सही कर.

गाडी अजून आलेली नाही.

व्हर्लीन


७ सप्टेंबर २००९, कामगार दिन

ओझेला,

आज युनियनची सहल होती. उद्यानात सावलीतसुद्धा डांबर मऊ झालं होतं. तळलेला मासा, मक्याची कणसं, कुणाच्या तरी नातवंडांचा गलका. दरवर्षीप्रमाणे माझं भाषण ठेवलं होतं. हर्शेल कागदी बशी घेऊन शेजारी येऊन बसला.

"काय अध्यक्षीणबाई, भाषण पाठ आहे ना?"

"मला कधी पाठ करावं लागलंय?"

"नाही, विचारलं आपलं." मग बराच वेळ मासा चिवडत राहिला. "एक विचारू? रागावणार नाहीस?"

"रागावेन. विचार."

"जुलैत मी तो आठ वाचला. पण मी नवा चष्मा लावला होता म्हणून वाचला. तुझा चष्मा तर कायमच चांगला आहे."

मी म्हटलं, "मासा गार होतोय."

"आणि तू टकटक करायचीस ना गं? दर गुरुवारी?"

नंतर माझं नाव पुकारलं. मी सांगितलं, घसा बसलाय. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हर्शेलनेच मला घरी सोडलं. फाटकाशी आल्यावर त्याने अंगणातली रिकामी जागा पाहिली.

"गाडी कुठाय?"

"दुरुस्तीला."

"पाच आठवडे? विमान आहे का ते?"

आत आले तर फोन वाजत होता. जेरिलिनचा. ती काय म्हणाली ते तुला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. तिच्यावर रागावू नकोस. म्हणाली, "मावशी, आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बारीक अक्षरं वाचते आता. आणि ऑक्टोबरात तिकडे येतेय. कॉपर लँटर्नने चार रात्रींची खोली फुकट दिलीय, वर खेळायला शंभर डॉलर. आजोबांच्या जमिनीवरची पाइनची झाडं विकली, तिच्या वाट्याचे पैसे परवाच हातात आले. ते सगळे घेऊन निघालीय. तुमचं ते प्लास्टिकचं कार्ड उशीखाली ठेवून झोपते. म्हणते, आता मी स्वतः वाचून नऊ-सहा शोधीन, गेलेलं परत आणीन. तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकते."

मी म्हटलं, सांगते.

आज लिहून होत नाही. हात दुखतोय.

व्हर्लीन


१६ सप्टेंबर २००९

जेरिलिन, हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिच्या हातात दे.

ओझेला,

तू विचारलंस, कधी कळलं. तीन फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता.

मी कॉपर लँटर्नमध्ये त्यांच्या मोफतच्या बश्यांचा संच घ्यायला गेले होते. उपाहारगृहाजवळच्या आपल्या रांगेतली सगळी यंत्रं उघडी होती आणि यंत्रं दुरुस्त करणारा ऑर्विल जमिनीवर मांडी घालून बसला होता. मी म्हटलं, "काय रे, सगळ्यांची पोटं उघडून बसलास?"

"वरून हुकूम आलाय, मावशी. नवा तक्ता. वाचू नका, रक्तदाब वाढेल."

मी वाचलं. आठ, पाच. एकेका काचेवर.

"आणि ते टोकाचं?"

"त्याचं दार अडकलंय. बिजागरी मागवलीय, आल्यावर बघू. तोवर आहे तसंच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी काही बोललो नाही हं."

तिथे उभं राहून मी काय विचार केला, ते मी सात महिने स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. मी विचार केला, एकच उरलंय. तुम्हाला सांगितलं तर आपण तिघं आळीपाळीने बसणार, हर्शेल चार लोकांना सांगणार, आठवड्यात त्या खुर्चीला रांग लागणार. किंवा तुम्ही म्हणाल, चला, खेळच बंद करू. मग गुरुवार बंद. मग मी कोण? पेन्शनवरची एक बाई, जिचं भाषण वर्षातून एकदा मासे खाताना ऐकतात. तुम्हा दोघांना माझ्या हाताकडे बघायची सवय झाली होती, आणि मला तुम्ही बघण्याची.

पाच तारखेच्या गुरुवारी तुम्ही आलात. तुला ती पद्धत आठवते, तूच तिला नाव दिलं होतंस, पर्यवेक्षिणीची फेरी. आपल्या हॉटेलात पर्यवेक्षीण खोली तपासून दारावर दोनदा टकटक करायची, मगच ती खोली पाहुण्याला जायची. तसं मी आधी रांगेतून फिरायचे, प्रत्येक तक्ता वाचायचे आणि काचेवर दोनदा टकटक करायचे. टकटक झाली की तू बसायचीस. तुला वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही नव्हती. त्या दिवशीही मी फिरले. तुझ्या यंत्रापाशी थांबले. आठ वाचला. पाच वाचला. आणि काचेवर दोनदा टकटक केली.

तू बसलीस.

मी टोकाच्या यंत्राची खुर्ची पुढे टेकवून अडवून ठेवली होती. तू विचारलंस, "आज तिकडे का गं?" मी म्हटलं, "इथे गार वारा अंगावर येतो, खांदा धरतो." तू आपली शाल काढून मला दिलीस. ती शाल अजून माझ्याकडे आहे.

असे बावीस गुरुवार गेले. आणि मधले तुझे वार वेगळे, जेव्हा तू एकटी यायचीस आणि मी एकदा टकटक केलेल्या यंत्रावर निर्धास्त बसायचीस. हर्शेल वीस डॉलर गेले की जेवायला उठायचा, म्हणून तो वाचला. तू कार्डातली एक ओळ चुकली नाहीस, आणि म्हणूनच तुला कळेना की पैसे का उरत नाहीत. मला विचारायचीस, "माझं काय चुकतंय?" मी म्हणायचे, "काही नाही. वाईट दिवस आहेत. खेळत राहा, सरासरी येईल." हे वाक्य मी माझ्या तोंडाने उच्चारलं. मालकाच्या तोंडून ऐकलं असतं तर मी त्याच्या फाटकावर फलक घेऊन उभी राहिले असते.

मी मनाला सांगितलं होतं की टोकाच्या यंत्रावर रॉयल लागला की तुला सगळं सांगेन आणि अर्धे देईन. यंत्र चांगलं आहे म्हणून मी सव्वा डॉलरवरून पाच डॉलरच्या डावावर गेले. यंत्र चांगलं आहे म्हणून दोन तासांऐवजी तीन तास बसले, गुरुवारशिवाय आणखी दोन दिवस बसले. ऐंशी हजारांच्या आसपास डाव झाले, रॉयल एकही नाही. पुस्तक काढून बघितलं. इतके डाव कोरडे जाणं काही नवल नाही, सात जणींपैकी एकीच्या वाट्याला ते येतंच. ती एक मी होते. बिनचूक खेळून, शहरातल्या उरलेल्या चांगल्या यंत्रावर, तुझ्या दुप्पट हरले. गाडी दुरुस्तीला नाही, ओझेला. मे महिन्यात विकली. ऑगस्टमध्ये "मीच येऊन घेऊन गेले असते" असं लिहिलं, ते खोटं. जणू अर्कान्सासपर्यंत गाडी हाकत येणार होते.

आणि आता हे. "मी आता तिकडे जात नाही" असंही लिहिलं होतं. जेरिलिनच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून गेले. मनाला म्हटलं, ऑर्विलला भेटून येऊ, निवेदनासाठी माहिती घेऊ. बिजागरी आली होती. टोकाच्या काचेवरही आठ होता, पाच होता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आणि बसले. चार तास.

हे तुला सांगायचं होतं, बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे. साऱ्या आयुष्यात मी एकच गोष्ट ओरडून सांगितली, युनियनच्या सभागृहात, तुरुंगाच्या गाडीत, चर्चच्या तळघरात, की माणसाला कळलं की तो सुटतो. म्हणून वाचा, मोजा, शिका. आणि मी वाचलं, मला पूर्ण कळलं, दोनदा कळलं, आणि मी खुर्ची ओढून बसले. अठरा ओळी मला पाठ आहेत, पण त्यांतली एकही मला उठवू शकली नाही. तू म्हणतेस, आता दिसायला लागलंय, स्वतः वाचून नऊ-सहा शोधीन. शोधशील. कदाचित सापडेलही, शहराच्या एखाद्या कोपऱ्यात. मला सापडलं होतं. माझ्याकडे बघ.

नोटिशीचं ते निवेदन मी फाडून टाकलं. मोठ्या अक्षरातला आठसुद्धा मी वाचून बसलेच असते.

त्याऐवजी या पाकिटात दुसरा कागद आहे. आपल्याला तिकडे चालत नेतं ते त्यांचं टपाल, खोली फुकट, बश्या फुकट, आज गुण दुप्पट. ते टपाल आपण लेखी मागणी केली तर त्यांना थांबवावं लागतं, हे मी खिडकीवर उभं राहून विचारून आले. खिडकीवरची पोरगी म्हणाली, "मावशी, नक्की का? पुढच्या आठवड्यात टॉवेल आहेत." मी म्हटलं, "बाळ, मी तीस वर्षं टॉवेलांच्या घड्या घातल्यात."

कागदावर चार ओळी आहेत. आमची नावं तुमच्या टपालातून काढा, आमची खाती बंद करा, पाठवलेली फुकट खोली रद्द करा, पुन्हा बोलावू नका. खाली एक वर्तुळ आहे. तुला ते आठवेल. पंधराच्या जागी अठरा खोल्या लादल्या त्या वर्षी पहिली सही करायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा तूच खोलीतल्या जेवणाची बशी कागदावर उपडी ठेवून पेन्सिल फिरवली होतीस, की गोल सही करा, पहिली कोण ते कुणाला कळायचं नाही. या वेळची बशी कॉपर लँटर्नच्या संचातली आहे, तीन फेब्रुवारीची. या वेळी पहिली सही कुणाची ते लपवायचं नाही. माझी आहे. तिच्या शेजारची जागा तुझी.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते मागायचा माझा हक्क नाही आणि तुला सध्या त्याचं ओझंही नको. ऑक्टोबरात यायचं तर ये, माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, चादर मी नीट घातली आहे. नाही आलीस तरी चालेल. शाल पोस्टाने पाठवीन. पण पाइनचे पैसे घेऊन त्या खोलीत उतरू नकोस.

पाकिटावर तिकीट लावलेलं आहे, पत्ता लिहिलेला आहे. पाच ऑक्टोबरच्या आत ते पेटीत पडायला हवं, म्हणजे तुझ्या तारखेआधी खोली रद्द होईल.

ओझेला, या कागदावर मी टकटक केलेली नाही. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. उजेडात बस, चारही ओळी तुझ्या स्वतःच्या डोळ्यांनी वाच, आणि मग सही कर.

व्हर्लीन